कादंबरीतला माणूस कागदावर उतरवताना

पेन्सिल हातात घेण्याआधी कादंबरी दोनदा वाचायची आहे. पहिल्यांदा नुसती, गोष्ट म्हणून. दुसऱ्यांदा वही आणि तीन रंगीत पेन्सिली घेऊन. पहिल्या वाचनातच चित्र काढायचा मोह फार होतो, तो आवरा. चाळिसाव्या पानावर काढलेला चेहरा दोनशेव्या पानावर खोटा ठरतो, आणि तोवर तो मनात इतका घट्ट बसलेला असतो की लेखकाने पुढे काय लिहिले आहे तेच दिसेनासे होते.

दिवाळी अंकासाठी चित्रे काढू पाहणाऱ्यांना, एखाद्या कादंबरीची चित्रकथा करायची आहे अशांना आणि नाटकाच्या वेशभूषेसाठी आधी कागदावर पात्र उभे करणाऱ्यांना ही पद्धत उपयोगी पडेल. उदाहरणे गोव्यातली घेतली आहेत. इथला माणूस, इथली माती, इथला कपडा रोजचा डोळ्यांखालचा आहे, त्यामुळे चूक झाली तर ती स्वतःलाच पकडता येते.

आधी उतारा फोडायचा

सरावासाठी एक उतारा लिहून देत आहोत. कादंबरी १९५८-५९ सालच्या, म्हणजे मुक्तीपूर्वीच्या गोव्यात घडते, असे धरा. भाटकार म्हणजे जमीनमालक, सोपा म्हणजे घराची ओसरी.

«तो आला की आधी खोकल्याचा आवाज यायचा, मग तो. अंगाने काटक, रंगाने काळासावळा. साठी कधीच उलटली होती, पण माडाला मिठी मारली की शेंड्याला पोचेपर्यंत थांबत नसे. बोलताना उजवा डोळा बारीक करायचा आणि पंच्याच्या टोकाने मान पुसायचा. ‘थेरडा अजून टुणटुणीत आहे,’ भाटकार सोप्यावरूनच म्हणायचा. म्हाताऱ्याने त्या सोप्याची पायरी कधी चढली नाही.»

आता तीन पेन्सिली. निळीने अधोरेखित करा ते थेट सांगितलेले: काटक, काळासावळा, साठी उलटलेली, उजवा डोळा बारीक, पंचा. लालने करा ते सुचवलेले: खोकला, माडावर चढणे, पायरी न चढणे. हिरवी पेन्सिल कागदावर नाही, वहीत चालवायची. तिने न सांगितलेल्या गोष्टींची यादी करा: केस, मिशी, दात, नाक, उंची, पंच्याखेरीज अंगावर काय. प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक लिहा. आळस करून पान क्रमांक गाळला की महिन्याभराने ‘मिशी होती की आपणच लावली?’ असा प्रश्न पडतो आणि पुन्हा तीनशे पाने चाळावी लागतात.

प्रत्येक नोंदीपुढे आणखी एक गोष्ट लिहायची: हे कोण म्हणतो आहे? निवेदक म्हणतो ते एक, भाटकार म्हणतो ते दुसरे. ‘थेरडा’ हा भाटकाराचा शब्द आहे. त्या शब्दावरून वाकलेला, गळून गेलेला म्हातारा काढलात तर तुम्ही भाटकाराच्या डोळ्यांनी पाहिलेत. प्रेयसीने केलेले वर्णन, सासूने केलेले वर्णन आणि पोलिसाने केलेले वर्णन ही एकाच माणसाची असली तरी तिन्हींत वेगळा माणूस दिसतो. लेखकाने ती तशी मुद्दाम लिहिलेली असतात.

उताऱ्यातली विशेषणे कमी आणि क्रियापदे जास्त आहेत, हे लक्षात आले का? आमच्या मते सगळ्या कामाचा पाया तिथेच आहे. विशेषण हे बहुधा कोणाचे तरी मत असते. क्रियापद म्हणजे शरीराने दिलेली साक्ष. ‘काटक’ या एका शब्दावरून दहा चित्रकार दहा माणसे काढतील. पण चाळीस-पन्नास वर्षे माडाला मिठी मारणाऱ्या माणसाची छाती, दंडाची आतली बाजू आणि तळपाय कसे होतात, याला फार पर्याय नाहीत. तिथली कातडी जाड, राठ होते. पायाची बोटे पसरतात, अंगठा बाजूच्या बोटापासून सुटतो. चढताना तळवे आतल्या बाजूला वळवून खोडाला धरावे लागतात, म्हणून जमिनीवर उभा राहिला तरी गुडघे किंचित बाहेर आणि पायांत अंतर. लेखकाने यातले काही लिहिलेले नाही, तरी सगळे उताऱ्यात आहे.

आणि ती न चढलेली पायरी. भाटकार सोप्यावर, म्हातारा खाली अंगणात. म्हणजे त्याची नजर कायम वर. हनुवटी थोडी उचललेली, मानेमागे सुरकुत्या दुमडलेल्या, कपाळावर आडव्या आठ्या. माडाच्या शेंड्याकडेही वरच पाहायचे, तेही उन्हात. उजवा डोळा बारीक करायची खोड इथून आली, असे तुम्ही ठरवलेत तर ते उताऱ्याला धरून आहे. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेषा डाव्यापेक्षा उजव्या बाजूला जास्त खोल काढा. चेहरा शांत असतानाही त्या दिसल्या पाहिजेत.

खोकल्याचे काय? खोकणारा म्हातारा म्हटले की हात आपोआप खांदे पुढे आलेला, छाती बसलेला माणूस काढतो. पण हा माडावर न थांबता चढतो. दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात तिथे थांबून विचार करायचा. खोकला आवाजात ठेवा, शरीरात आणू नका, किंवा फक्त गळ्याच्या शिरा थोड्या ठळक करा. काय ठरवले ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या पानावर दुसरेच निघणार नाही.

मराठी शब्द आणि त्यांच्या रेषा

बारीक माणसासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा, आणि प्रत्येकाची रेषा वेगळी. ‘सडपातळ’ मध्ये चांगले-वाईट काही नाही. सगळीकडून सारखे बारीक. ‘शेलाटा’ मध्ये कौतुक आहे: लांब मान, लांब पोटऱ्या, कमरेपाशी हलका बाक. ‘किडकिडीत’ ला कपडे अंगाबाहेर लोंबतात. कोपर आणि गुडघा हे सांधे हातापायांपेक्षा जाड दिसतात. ‘हाडकुळा’ म्हटला की गळ्याची हाडे, गालाची हाडे, मनगटाचे हाड बाहेर. ‘काटक’ बारीक खरा, पण पिळाचा: मनगटापासून कोपरापर्यंत दोरीसारखे स्नायू, पोटरीचा गोळा उंचावर आणि आवळलेला, पोट सपाट. किडकिडीत माणसाची बाह्यरेषा सरळ आणि सैल असते, काटक माणसाची तुटक, गाठीगाठींची. नवशिके दोघांना एकच शरीर देतात आणि फरक चेहऱ्यात दाखवू पाहतात. तो तिथे सापडत नाही.

डोळ्यांचेही तसेच. ‘पाणीदार’ हा रंग नाही, आकारही नाही. बुबुळावरचा मोठा प्रकाशबिंदू आणि खालच्या पापणीच्या कडेला ओलसर बारीक रेघ, एवढ्याने डोळे पाणीदार होतात. ‘भेदक’ डोळ्यांत वरची पापणी बुबुळाचा वरचा भाग कापते आणि भुवई खाली येते. ‘घारे’ हा मात्र रंग आहे. ‘चाफेकळी नाक’ म्हणजे अरुंद, लांब आणि टोकाला निमुळते. त्यासाठी चाफ्याची कळी समोर ठेवून एकदा काढून पाहा. ‘फेंदारलेल्या नाकपुड्या’ हा नाकाचा आकार नाही, तो राग आहे. तो हावभावांच्या कागदावर जायला हवा, मूळ चेहऱ्यावर नको. ही गफलत फार जण करतात, आणि मग पात्र साडेतीनशे पाने रागावलेले दिसते.

गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळाकभिन्न हे शब्द एकमेकांच्या तुलनेत वापरले जातात. मासेमारी करणाऱ्या घरात ‘गोरी’ म्हटलेली सून भाटकाराच्या घरात सावळी ठरेल. यासाठी एक उपाय आहे: कादंबरीतल्या सगळ्या पात्रांसाठी मिळून एकच रंगपट्टी करा. दोन सेंटिमीटरचे सहा चौकोन, उजळापासून गडदापर्यंत; आणि प्रत्येक पात्राचे नाव त्याच्या चौकोनाखाली. पात्रे सुटी सुटी रंगवली की सगळी हळूहळू उजळत जातात, चांगली माणसे तर फारच. हा आपल्या चित्रांना लागलेला जुना रोग आहे. लेखकाने काळासावळा लिहिले आहे तर काळासावळाच रंगवा. त्याला गव्हाळ करणे म्हणजे त्याच्या ओळी खोडणे.

संदर्भ गोळा करताना

वहीतली यादी पुरी झाल्यावरच संदर्भ शोधायला निघा. आधी चित्रे पाहिलीत तर वर्णन त्या चित्रांत बसवायला लागाल. मोबाइलवर शोधून निघालेले पहिले दहा फोटो तर टाळाच. ते पर्यटकांसाठी सजवलेले असतात: इस्त्रीचा कपडा, नवी टोपली, हसरा चेहरा.

काळ पक्का करा. आपल्या उताऱ्यासाठी १९६१ च्या १९ डिसेंबरनंतर, म्हणजे गोवामुक्तीनंतर, आलेली कोणतीही गोष्ट चित्रात नको. प्लास्टिकची बादली नको, नायलॉनची दोरी नको; सुंभ किंवा काथ्याची दोरी, तांब्या-पितळेची किंवा मातीची भांडी. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेले हे देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. गोव्यासंबंधीच्या विभागात बसून जुनी वृत्तपत्रे, छायाचित्रांची पुस्तके पाहा. शेतीची, बागायतीची अवजारे पाहायची तर बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयात जा. अवजाराचे माप घ्यायला परवानगी मिळाली तर घ्या. नाहीतर आपल्या हाताची वीत शेजारी धरून अंदाज लिहून ठेवा. फोटोत कोयत्याची लांबी कळत नाही.

कातडीवरचा प्रकाश शिकायला अंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची व्यक्तिचित्रे पाहावीत. सांग्यात १८७० साली जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवलेल्या या चित्रकाराचा संग्रह पणजीत फोंतेन्यस भागातल्या फुंदासांव ओरिएन्त या संस्थेत आहे. चित्रकार आँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांचे काम आपल्या विषयाला आणखी जवळचे. त्यांनी बायबलमधल्या मरियेला, येशूच्या आईला, साडी नेसवली आणि इथल्या बाईचा चेहरा दिला. लिखित पात्राला आपल्या मातीतले शरीर देणे म्हणजे काय, हे त्या एका निर्णयावरून कळते. आणि मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांपुरते बोलायचे तर मडगावात जन्मलेले दीनानाथ दलाल (१९१६–१९७१). जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांची मुखपृष्ठे मिळतात. पात्राच्या अंगावरचे किती कमी दाखवून किती सांगता येते ते पाहा. नक्कल करू नका, मोजा: चेहऱ्यावर एकूण रेषा किती आहेत?

कपड्यासाठी फोटोवर विसंबू नका, हे विशेषतः बायकांच्या नेसण्याबद्दल. कुणबी साडी आखूड, घोट्याच्या बरीच वर, लाल चौकडीची, आणि खांद्यावर गाठ, म्हणजे देठली. ती गाठ नेमकी कशी बसते, पदराचा कोणता भाग कुठून येतो, हे नेसणाऱ्या बाईला विचारून, तिच्या परवानगीने चारी बाजूंनी रेखाटून घ्या. छापलेला फोटो उलटा झालेला असू शकतो, मग डावा खांदा उजवा होतो आणि जाणत्या माणसाला ते पहिल्या नजरेत खटकते. काम करताना आणि सणाला नेसणे वेगळे असते, तेही विचारा.

आपल्या म्हाताऱ्यासाठी लागेल ते एवढेच: कास्टी (लंगोटी), पंचा, कमरेला मागे बांधलेली लाकडाची आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता, पायांत अडकवायचा दोरीचा फास. पंचा वापरून जुना झालेला; जुना सुती कपडा पातळ होतो, त्याच्या चुण्या बारीक आणि पुष्कळ पडतात. नव्या हातमागाच्या जाड कपड्याच्या चुण्या मोठ्या आणि मोजक्या. एवढा एक फरक पाळला तरी कपडा खरा दिसतो.

छायाकृती: चेहऱ्याआधी बाह्यरेषा

जाड काळा मार्कर घ्या आणि पाच सेंटिमीटर उंचीच्या वीस-बावीस आकृत्या काढा. आत डोळे-नाक काही नाही, नुसता भरलेला काळा आकार. एकेकीला दोन मिनिटे; त्याहून जास्त वेळ दिलात तर तपशिलात शिराल. पहिल्या सहा-सात सगळ्यांच्या सारख्याच निघतात, कारण त्या डोक्यात आधीपासून असलेल्या म्हाताऱ्याच्या असतात: काठी, पोक, हातभर दाढी. काम आठवीपासून सुरू होते.

आता कागद भिंतीला लावा आणि तीन-चार पावले मागे जा. कोणती आकृती माडावर चढणारी वाटते? कोणती नुसती बारीक? आमच्या उताऱ्यात एक अडचण लगेच दिसेल: कोयता पाठीमागे आहे, म्हणून समोरून पाहिले की तो दिसतच नाही. हात अंगाला चिकटवून काढला तर काटकपणाही जातो, कारण दंड आणि बरगड्या यांच्यामध्ये जागा राहत नाही. मग आकृती थोडी वळवा, पाऊण बाजूने घ्या. आकडीतला कोयता कमरेमागून टोकासारखा बाहेर येतो, मान पुसणाऱ्या हाताचा कोपर वर जातो, आणि कोपर व डोके यांच्यामधून उजेड दिसतो. ही आकृती दीड सेंटिमीटर करून पाहा. तरीही ओळखू आली तर ती निवडा. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या गर्दीच्या चित्रांत डझनावारी माणसे असतात, तरी प्रत्येक जण नुसत्या बाह्यरेषेवरून वेगळा ओळखू येतो. त्यांची चित्रे या नजरेने पाहिली तर बरेच शिकायला मिळते.

मापे

ए-फोर कागदावर आकृती २१ सेंटिमीटर उंच धरा. प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच मोजतात. म्हाताऱ्याला सात द्या, म्हणजे डोके बरोबर ३ सेंटिमीटर. म्हाताऱ्याची खरी उंची १६० सेंटिमीटर धरली तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. हे प्रमाण वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कादंबरीतली सगळी माणसे याच मापाने काढायची. त्याचा सहा वर्षांचा नातू ११५ सेंटिमीटरचा असेल तर कागदावर १५ सेंटिमीटर. या वयाचे मूल पावणेसहा डोकी उंच असते, म्हणजे नातवाचे डोके २.६ सेंटिमीटर. आजोबांच्या डोक्याहून फार लहान नाही! नवशिके मुलाचे डोकेही शरीराच्या प्रमाणात छोटे करतात आणि मूल न दिसता बुटका माणूस दिसतो.

चेहऱ्यात डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात. हे ऐकून सगळ्यांना पटते आणि हात तरीही ते वरच काढतो, कारण आपण कपाळ आणि केस यांची उंची हिशेबात धरत नाही. आडवी रेघ मारून घ्या, लाज वाटून घेऊ नका. चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांची. वय दाखवायला सुरकुत्यांकडे धावू नका. आधी आकार बदला: कानशिले आत, डोळे खोल, ओठ पातळ, कानाची पाळी लांब, दात पडले असतील तर नाक आणि हनुवटी यांच्यातले अंतर कमी. एवढे झाल्यावर पाच-सहा सुरकुत्या पुरतात.

आणि उजवा डोळा. पात्राचा उजवा डोळा समोरून काढलेल्या चित्रात तुमच्या डाव्या हाताला येतो. चुकण्याची ही सर्वांत नेहमीची जागा. डोळा, जखमेचा वण, तीळ, लंगडणारा पाय, ज्या ज्या गोष्टीला डावे-उजवे आहे तिच्यावर कागदाच्या कोपऱ्यात बाण काढून ‘त्याचा उजवा’ असे लिहून ठेवा. संगणकावर चित्र तपासायला ते आरशासारखे उलटे करून पाहतात. पद्धत चांगली आहे, वाकडा जबडा लगेच कळतो. पण परत सुलटे करायला विसरलात तर पुढच्या दहा चित्रांत तो डावा डोळा बारीक करत राहील.

न सांगितलेल्या गोष्टी, म्हणजे हिरवी यादी, आता भरायची. इथे तुम्हाला मोकळीक आहे, पण प्रत्येक निवडीला उताऱ्यातले कारण हवे. केस? आखूड कापलेले, कारण घाम येतो, सारखी मान पुसतो. मिशी? ठेवा किंवा नको, पण ठेवलीत तर पांढरी, कडेला तंबाखूने पिवळी करण्याआधी थांबा: तो तंबाखू खातो असे कुठे आहे? कारण सापडत नसेल तर सर्वांत साधी निवड करा. आणि ओळखीच्या नटाचा चेहरा कधीही लावू नका. वाचक पात्राला सोडून त्या नटाला पाहू लागतो, आणि त्या नटाच्या सगळ्या भूमिका तुमच्या म्हाताऱ्याच्या पाठीवर बसतात.

रंग

काळासावळा रंग करताना तपकिरीत काळा मिसळायचा नाही. कातडी मेल्यासारखी, राखेसारखी होते. जलरंगात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) घ्या. सिएना जास्त, निळा कमी. सावलीत निळ्याचे प्रमाण वाढवा. घामट कातडीवरचा उजेड पांढरा ठेवू नका, आकाशाची फिकट निळसर छटा द्या. कपाळ, खांदा, नाकाचा शेंडा एवढ्याच जागी. डिजिटल करत असाल तरी विचार हाच, सावली जांभळट-निळ्याकडे सरकवायची.

गोव्यातला उजेड दोन रंगांचा असतो. तांबड्या मातीवर, चिऱ्याच्या अंगणात उभ्या माणसाच्या पोटऱ्यांना, हनुवटीखाली आणि पांढऱ्या कपड्याच्या खालच्या कडेला खालून तांबूस छटा येते. तोच माणूस कुळागरात, म्हणजे बागायतीत, माड-पोफळींखाली गेला की पांढरा पंचा हिरवट होतो. हे दोन छोटे नमुने शेजारी शेजारी रंगवून ठेवा. नुसत्या रंगावरून तो अंगणात आहे की बागेत हे कळले पाहिजे.

रंग झाले की चित्र काळे-पांढरे करून पाहा. डोके, पंचा, कास्टी वेगळे दिसतात का? नसतील तर रंग कितीही सुंदर असो, छपाईत चिखल होईल. दिवाळी अंकाचा किंवा वृत्तपत्राचा कागद शाई शोषतो, गडद रंग आणखी गडद होतो. काळसर कातडीतली डोळ्यांभोवतीची रेषा तिथे बुडून जाते. म्हणून छापायच्या चित्रात कातडी पडद्यावर दिसते त्याहून एक पायरी उजळ ठेवा, सगळ्या पात्रांची सारखीच, आणि आधी त्याच कागदावर नमुना छापून घ्या.

हाताने रंगवणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर जास्त जपायला हवे. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगतो, शाई पसरते, जलरंग वाळता वाळत नाही. जलरंगाला ३०० जीएसएमचा जाड कागद, चारी कडांना चिकटपट्टी, आणि उरलेला कागद सिलिका जेलच्या पुड्यांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत बंद. बुरशीचे ठिपके एकदा आले की जात नाहीत.

पात्राचा कागद

शेवटी सगळे एका कागदावर आणायचे, त्याला मॉडेल शीट म्हणतात. समोरून, पाऊण बाजूने, कडेने आणि पाठीमागून अशा चार आकृत्या एकाच रेघेवर. डोके, डोळे, हनुवटी, खांदे, कंबर, मनगट, गुडघा, टाच यांतून आडव्या रेघा आरपार ओढा. समोरून मनगट जिथे आहे तिथेच ते कडेनेही आले पाहिजे. पाठीमागची आकृती कंटाळा करून सोडतात. आपल्या म्हाताऱ्याची तर आकडी, दोरीची गाठ आणि कोयता, सगळे पाठीमागेच आहे!

दुसऱ्या कागदावर हावभाव. आनंद, दुःख, राग अशी ठोकळेबाज यादी नको. कादंबरीतले सहा प्रसंग निवडा आणि त्या प्रसंगांतला चेहरा काढा: भाटकाराचे बोलणे ऐकताना, नातवाला हाक मारताना, शेंड्यावरून खाली पाहताना. पान क्रमांक खाली लिहा. तिसऱ्या कागदावर हात आणि पाय, मोठे करून. तळवा, बोटांची पकड, पसरलेली पावले. चेहऱ्याइतकाच वेळ या कागदाला द्या.

कथेत वय वाढत असेल तर प्रत्येक वयाचा वेगळा कागद, पण एक खूण सगळ्यांत तीच ठेवा. इथे ती उजव्या डोळ्याची आहे; वीस वर्षांचा असताना रेषा नसतील, पण पापणी किंचित खाली असेल.

संगणकावर ए-फोर म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. क्रिता हे चित्रे काढायचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि सुरुवातीला पुरते. रेषा, सपाट रंग, सावली आणि लिखाण यांचे थर वेगळे ठेवा, थरांना नावे द्या.

तपासणीसाठी कादंबरी न वाचलेल्या माणसाला चित्र दाखवा आणि विचारा, हा काय काम करतो? कुठे राहतो? याला कोणाची भीती वाटते? ‘चित्र कसे वाटले’ असे विचारू नका, सगळे चांगलेच म्हणतात. मग वाचलेल्या माणसाला दाखवा आणि त्याला जे खटकते ते पान काढून पाहा. तो बरोबर असेल तर चित्र बदला. त्याच्या मनातला म्हातारा वेगळा आहे एवढेच कारण असेल तर बदलू नका.

एक काम छापण्याआधीचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे कादंबरीचा हक्क त्याच्या वारसांकडे किंवा ज्याला दिला असेल त्याच्याकडे असतो. लेखक १९७० साली गेला असेल तर २०३० संपेपर्यंत. घरी सरावाला कोणतीही कादंबरी घ्या. पण चित्रकथा छापायची, विकायची, पात्राचे चित्र पुस्तकावर किंवा कपड्यावर लावायचे तर लेखी परवानगी घ्या. भाषांतरित कादंबरीवरून काम करत असाल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, त्यालाही विचारा. परवानगीच्या पत्रासोबत तो पात्राचा कागद जोडला तर उत्तर देणाऱ्याला तुम्ही कादंबरी किती नीट वाचली आहे ते पत्रापेक्षा आधी कळते.